पदवी कोल्हापूरची, माणूस इथलाच : विद्यापीठाच्या कुलसचिवांना खुले पत्र

प्रति,
माननीय कुलसचिव (प्रशासन) आणि सिंडिकेटचे सन्माननीय सदस्य यांस,

विषय : नव्याने रुजू होणाऱ्या अध्यापक व कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांची पडताळणी

महोदय,

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलचा निवृत्त कारकून. जनरल रजिस्टर लिहिणे, टीसी देणे, बोनाफाईड आणि व्यासंग (म्हणजे शिक्षण घेतल्याची) प्रमाणपत्रे तयार करून त्यांवर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसातून सही आणणे, यातच माझी सगळी नोकरी झाली. जन्मतारीख मागेपुढे करून मागणारे पालक माझ्या टेबलासमोर उभे राहिले आहेत आणि त्यांना मी परत पाठवले आहे. खोटे मार्क्सकार्ड दाखवून वर्गावर उभा राहणारा माणूस एका खऱ्या उमेदवाराची जागा खातो आणि वर्षभर पोरांचेही नुकसान करतो. म्हणून विद्यापीठात पडताळणी कडक असावी, याच मताचा मी आहे.

पण पडताळणी कडक असणे वेगळे आणि समोरचा माणूस बघून ती बदलत जाणे वेगळे. आपल्या सार्वजनिक विद्यापीठात सध्या जे चालले आहे ते दुसऱ्या प्रकारातले आहे. ते गप्प बसून सोसायचे नाही असे ठरवून हे पत्र लिहितो आहे. विद्यापीठाचे नाव मी मुद्दाम घेतलेले नाही. हा प्रकार एकाच ठिकाणचा नाही असे सीमाभागातल्या इतर पालकांकडून ऐकतो, आणि मला कुणा एका कर्मचाऱ्याला चव्हाट्यावर आणायचे नाही.

माझा संबंध असा. माझ्या धाकट्या भावाची मुलगी भूगोलाची अतिथी व्याख्याती म्हणून निवडली गेली. दहावी खानापूर तालुक्यात मराठी माध्यमातून, पीयूसी (बारावी) आणि पदवी बेळगावात, पदव्युत्तर शिक्षण कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात. यूजीसीची नेट परीक्षा उत्तीर्ण. मुलाखत झाली, यादीत नाव लागले, ऑर्डर निघाली. रिपोर्टिंगच्या वेळी मी तिच्यासोबत होतो. सेक्शनमधल्या केस वर्करने फाईल उघडली, एकेक कागद पालथा केला आणि एम.ए.च्या मार्क्सकार्डावर येऊन थांबला. खिशातली पेन्सिल काढून त्याने ‘कोल्हापूर’ या अक्षरांभोवती गोल केला आणि विचारले, “नीवु महाराष्ट्रदवरा?” (तुम्ही महाराष्ट्राच्या का?) ती म्हणाली, “इल्ला सर, खानापूरदवळु.” (नाही सर, खानापूरची.) पुढचे सगळे बोलणे तिने कन्नडमध्येच केले. तरीही फाईल डाव्या बाजूच्या गठ्ठ्यात गेली. उजवीकडच्या गठ्ठ्यातल्या लोकांना त्याच दिवशी हजेरी क्रमांक मिळाला. डावीकडच्यांना ‘व्हेरिफिकेशन पेंडिंग’ असे सांगण्यात आले.

वर्ग मात्र तिला दुसऱ्याच दिवशी दिले. टाइमटेबलात नाव घातले, अंतर्गत चाचण्यांचे पेपर काढायला लावले. मानधन तेवढे पडताळणी पूर्ण झाल्यावर. सत्र अर्धे सरले, तरी ते झालेले नाही.

आता माझ्या तक्रारी मांडतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही, की कोणते कागद लागतात याची लेखी यादी कुणालाच मिळत नाही. जे लागते ते तोंडी सांगतात, आणि दर खेपेला वेगळे सांगतात. आधी मायग्रेशन सर्टिफिकेट मागितले. ते एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात प्रवेश घेताना लागते, नोकरीला त्याचा काय संबंध, हे मी विचारले तर “वरून सांगितलंय” एवढेच उत्तर आले. मग कोल्हापूरची पदवी इथल्या पदवीच्या तोडीची असल्याचे समकक्षता प्रमाणपत्र मागितले. मग रहिवासी दाखला. तो नाडकचेरीतून (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून) काढून दिला तर “हा आत्ताचा आहे, सात वर्षांचा पुरावा द्या” म्हणाले. सात वर्षांची अट सीईटीच्या प्रवेशाला असते, हे या भागातल्या प्रत्येक पालकाला पाठ आहे. अतिथी व्याख्यात्याच्या नेमणुकीला ती कुठल्या आदेशाने लागली, तो आदेश दाखवायला कुणी तयार नाही. ज्या मुलांचे आई-वडील कधी सरकारी कचेरीत गेलेले नाहीत, त्यांचे काय होत असेल याचा विचार करा. माझ्यासारखा कचेरीतच आयुष्य काढलेला माणूस जिथे चाचपडतो, तिथे जांबोटी किंवा कणकुंबीकडच्या शेतकऱ्याच्या मुलाने कुणाला विचारायचे?

दुसरी तक्रार कोल्हापूरच्या पदवीविषयी. विद्यापीठ अनुदान आयोग कायदा 1956 च्या कलम 22 नुसार, केंद्राच्या किंवा कोणत्याही राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार आहे. आपले विद्यापीठ ज्या आधारावर पदवी देते, त्याच आधारावर शिवाजी विद्यापीठ 1962 पासून देत आले आहे. परदेशातल्या पदवीला समकक्षता तपासणे समजू शकतो. पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या पदवीला ते कशासाठी? पदवी खरी की खोटी हे जरूर तपासा. त्यासाठी त्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाला पत्र पाठवायचे असते, आणि ते विद्यापीठाने विद्यापीठाला पाठवायचे असते. उमेदवाराने स्वतः जाऊन, शुल्क भरून, बंद पाकीट घेऊन यायचे, ही पद्धत पडताळणीच्या दृष्टीनेसुद्धा चुकीची आहे. ज्याची तपासणी करायची त्याच्याच हातून पुरावा मागवला, तर त्या तपासणीला अर्थ काय राहिला?

आमची मुले कोल्हापूरला का जातात हेही आपण जाणता. निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ आहे. शिनोळी, चंदगडकडे आमच्या लेकी दिल्या आहेत, तिकडच्या सुना इकडे आल्या आहेत. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची रचना बदलली आणि मधे सीमा आली. तिचा वाद 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्या वादात या पत्रात मला शिरायचे नाही. न्यायालय काय तो निर्णय देईल. तोवर, आज, आम्ही कर्नाटकाचे रहिवासी आहोत. इथेच मत देतो, इथेच घरपट्टी भरतो, आणि इथल्या सार्वजनिक विद्यापीठावर आमचा इतर कुणाइतकाच हक्क आहे.

सीमेवरचे जगणे कर्नाटक सरकारला कळत नाही असेही नाही. महाराष्ट्रातल्या जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि गडहिंग्लज तालुक्यांतल्या कन्नड भाषक विद्यार्थ्यांना ‘गडिनाडु कन्नडिग’ (सीमाभागातले कन्नडिग) म्हणून सीईटीत वेगळी तरतूद आहे. ती योग्यच आहे. पलीकडच्या मुलाला पलीकडे राहतो म्हणून नुकसान होऊ नये, एवढी समज जर नियमात आहे, तर अलीकडच्या मुलीला पलीकडे दोन वर्षे शिकली म्हणून नुकसान का व्हावे?

तिसरी गोष्ट नावांची. यावर मी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा माझ्या रोजच्या कामाचा भाग होता. आमच्या शाळेच्या रजिस्टरात नाव मराठीत लिहिले जाते. एसएसएलसीचा (इथल्या दहावीचा) फॉर्म भरताना ते इंग्रजीत जाते, आणि त्या मार्क्सकार्डावर कन्नडमध्येही येते. आधार कार्डाच्या वेळी ऑपरेटर आपल्या कानाला जसे ऐकू आले तसे टाइप करतो. मग ‘परशराम’चे ‘परशुराम’ होते, एका कागदावर ‘मारुती’त एक ‘ए’ असतो, दुसऱ्यावर दोन. इकडच्या कार्डावर आडनाव आद्याक्षर होऊन शेवटी जाते, कोल्हापूरच्या कार्डावर तेच आडनाव सगळ्यात आधी येते, मग नाव, मग वडिलांचे नाव. माणूस एकच, वडील एकच, जन्मतारीख एकच. आणि मुलीचे लग्न झाले असेल तर वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव आणि आडनावही नवे. आमच्याकडे निम्म्या वर्गाला हे होतेच. अशा फरकासाठी विवाह नोंदणीचा दाखला आणि एक साधे स्वयंघोषणापत्र पुरेसे असायला हवे. त्याऐवजी नोटरीचे ॲफिडेव्हिट, वर्तमानपत्रातली जाहिरात, मग राजपत्र असा खर्च त्या बाईच्या माथी बसतो, आणि पुरुष उमेदवाराला तो बसत नाही.

आधार कार्डाबद्दलही एक गैरसमज आपल्या सेक्शनमध्ये दिसला. तिथे ते नागरिकत्वाचा आणि रहिवासाचा शेवटचा पुरावा समजले जाते, आणि कुणाच्या कार्डावर पत्ता कोल्हापूरच्या हॉस्टेलचा राहिला असेल तर तो थेट ‘बाहेरचा’ ठरतो. आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही, असे 2016 च्या आधार कायद्याच्या कलम 9 मध्येच लिहिले आहे. जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून मिळतात, त्यांवर आरडी नंबर असतो. तो वेबसाइटवर टाकला की दाखला खरा की खोटा ते टेबलावरच कळते. अनेक विद्यापीठांच्या पदव्या डिजिलॉकरवर आहेत, आणि तिथून दिलेला कागद 2016 च्या नियमांनुसार मूळ कागदाच्या बरोबरीचा मानायचा आहे. ही साधने हाताशी असताना 3बी या मागासवर्गीय प्रवर्गातल्या आमच्या मुलांकडून पुन्हा नवा दाखला, पुन्हा तहसीलदारांची सही कशासाठी मागितली जाते?

कन्नडबद्दल स्पष्ट लिहितो, म्हणजे गैरसमज नको. राज्याची भाषा यायला हवी, आणि आमच्या मुलांना ती येते. आमच्या शाळेत मराठी माध्यमाच्या मुलांना कन्नड विषय असतो, त्याचे गुण एसएसएलसीच्या मार्क्सकार्डावर छापलेले असतात. तेच मार्क्सकार्ड फाईलमध्ये असताना ‘कन्नड येत असल्याचा’ वेगळा दाखला मागणे अनाठायी आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी 1956 मध्ये केंद्राने राज्यांशी बोलून जी संरक्षणे ठरवली, त्यांत भरतीच्या वेळी राज्यभाषेच्या ज्ञानाची सक्ती करू नये, परिवीक्षेचा (प्रोबेशनचा) काळ संपण्यापूर्वी परीक्षा घ्यावी असे म्हटले आहे. जिल्ह्यात किंवा तालुक्यात 15 टक्के लोक जी भाषा बोलतात, त्या भाषेत महत्त्वाचे नियम आणि सूचना द्याव्यात, असेही त्यात आहे. खानापूर, निपाणी, बेळगाव तालुक्यांत मराठी बोलणारे किती आहेत हे मी आपल्याला सांगायला नको.

पोलीस पडताळणी हा आमच्या भागातला नाजूक विषय. इथल्या कितीतरी घरांतल्या तरुणांवर भाषेच्या आंदोलनातले, 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या निषेध फेरीतले जमावबंदीचे गुन्हे दाखल झालेले आहेत. चोरी नाही, मारामारी नाही, घोषणा दिल्या एवढेच. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये नेमके हेच उदाहरण घेतले आहे. तरुणपणी घोषणा देण्यासारखी किरकोळ बाब उमेदवाराने सांगितली नसली तरी मालक ती आपल्या विवेकाने सोडून देऊ शकतो, असे त्यात म्हटले आहे. मग ज्याने ती स्वतःहून फॉर्ममध्ये लिहिली, त्याची फाईल महिनोन्‌महिने का अडवावी? लपवले तर विश्वासघात आणि सांगितले तर अडवणूक, अशा कात्रीत पोरांना टाकू नका.

आणखी एक बाब आपल्या हातातली नाही हे मला ठाऊक आहे, तरी नोंदवतो. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीनुसार सेट (अध्यापक होण्यासाठीची राज्यस्तरीय पात्रता) परीक्षा ज्या राज्याची, त्याच राज्यात ती चालते. कोल्हापूरला शिकलेली आमची मुले वर्गमित्रांबरोबर महाराष्ट्राची सेट देऊन बसतात आणि इथे अर्ज केल्यावर त्यांना कळते की ती उपयोगाची नाही. निदान जाहिरातीत हे ठळकपणे लिहा. मुलाखतीपर्यंत बोलावून, मूळ कागद तपासताना सांगू नका.

आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी अमेरिकेतल्या एका सार्वजनिक विद्यापीठात संशोधनाच्या कामावर रुजू झाली. तिच्याकडून तिथली पद्धत समजून घेतली. तिथे 1986 च्या कायद्यापासून प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला, मग तो तिथला नागरिक असो वा परदेशी, ओळख आणि काम करण्याची परवानगी तपासण्यासाठी आय-9 नावाचा एकच फॉर्म आहे. कर्मचाऱ्याने आपला भाग कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा, संस्थेने तीन कामकाजाच्या दिवसांत कागद बघून आपला भाग पुरा करायचा. कोणते कागद चालतात याची यादी फॉर्मसोबतच असते आणि त्यातले कोणते दाखवायचे ते कर्मचारी ठरवतो. संस्थेला “हेच आण” असे म्हणता येत नाही. जिथे ई-व्हेरिफाय ही संगणकीय तपासणी वापरतात, तिथे नोंद जुळली नाही तर ते त्या माणसाला खासगीत कळवावे लागते, सरकारी कार्यालयाकडे दाद मागायला आठ कामकाजाचे दिवस द्यावे लागतात, आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत त्या कारणावरून त्याला कामावरून काढता येत नाही की पगार रोखता येत नाही. ती मुलगी परदेशी, तिची भाषा वेगळी, पदवी सातासमुद्रापलीकडची. तिचे काम त्याच आठवड्यात झाले. माझी पुतणी ज्या जिल्ह्यात जन्मली त्याच जिल्ह्यातल्या विद्यापीठात अजून ‘पेंडिंग’ आहे. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की मला फार वाईट वाटते, आणि ते मी लपवत नाही.

अतिथी व्याख्यात्यांना हा त्रास एकदाच होत नाही. सत्र संपले की नेमणूक संपते, पुढच्या सत्रात ‘नवीन’ नेमणूक, आणि पुन्हा पहिल्यापासून तीच पडताळणी. गेल्या वर्षी तपासून खरी ठरलेली पदवी यंदा पुन्हा संशयित होते. एवढ्या पुऱ्या फायली आपल्या रेकॉर्ड रूममध्ये असताना त्या उघडून बघायला कुणाला सवड नसते. विद्यापीठाचे वर्ग आज मोठ्या प्रमाणात याच लोकांच्या जोरावर चालतात. त्यांना एसटीचा पास काढायला घरून पैसे मागावे लागतात, ही गोष्ट विद्यापीठाला शोभत नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांतली एकही नियमाबाहेरची नाही.

कोणत्या पदाला कोणते कागद लागतात याची एकच यादी कन्नड, मराठी आणि इंग्रजीत विद्यापीठाच्या वेबसाइटवर आणि सेक्शनच्या दारावर लावा. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 प्रमाणे कामाचे निकष स्वतःहून जाहीर करणे आपल्याला बंधनकारकच आहे. यादीत नसलेला कागद कुणाकडूनही मागू नये.

कागद देताना तारखेसह पोच द्या. त्रुटी असेल तर ती एकदाच, सगळी मिळून, लेखी कळवा, खाली अधिकाऱ्याची सही हवी. तोंडी त्रुटी मानली जाणार नाही असे परिपत्रक काढा.

पदवी, नेट आणि जातीच्या दाखल्यांची खातरजमा विद्यापीठाने स्वतः करावी, जिथे ऑनलाइन होते तिथे ऑनलाइन. भारतातल्या कायदेशीर विद्यापीठांच्या पदवीला समकक्षता मागणे बंद करा. रहिवासाचा प्रश्न जिथे आरक्षण किंवा विशिष्ट आदेश असेल तिथेच विचारा. संविधानाच्या कलम 16 प्रमाणे निवासाच्या अटीवर सरकारी नोकरी मर्यादित करण्याचा अधिकार फक्त संसदेला आहे, सेक्शनला नाही.

पडताळणी तीस दिवसांत संपवा, आणि तोवर हमीपत्र घेऊन रुजू झाल्या तारखेपासून मानधन द्या. कागद खोटा निघाला तर नेमणूक रद्द करा, दिलेली रक्कम वसूल करा, फौजदारी गुन्हा दाखल करा. त्या कामी लागेल ती मदत मी स्वतः करीन. एकदा पडताळणी झालेल्या व्यक्तीची नोंद कायम ठेवा आणि पुढच्या सत्रात तीच ग्राह्य धरा.

लग्नानंतरच्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला आणि स्वयंघोषणापत्र पुरेसे माना. आणि ज्यांच्या फायली आज डाव्या गठ्ठ्यात पडून आहेत, त्या सगळ्यांची थकलेली मानधने या सत्राच्या आत अदा करा. यात मराठी आहेत तसे कन्नड आणि उर्दू बोलणारेही आहेत. तेही मला त्याच बाकावर बसलेले दिसले, म्हणून ही मागणी त्यांच्या वतीनेही आहे.

या पत्राची प्रत उच्च शिक्षण विभागाला आणि आमच्या भागाच्या आमदारांना पाठवत आहे. माहिती अधिकारातला अर्जही सोबत दिला आहे. सात वर्षांच्या रहिवासाची आणि समकक्षता प्रमाणपत्राची अट ज्या आदेशाने घातली, त्या आदेशाची प्रत त्यात मागितली आहे. आदेश असेल तर तो द्या, नसेल तर तसे लेखी कळवा. उत्तर कन्नडमध्ये दिलेत तरी चालेल, मला वाचता येते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शाळा कारकून
खानापूर तालुका, जि. बेळगाव